रंभाने पोट चोळले नाही

"हात लावा ना बाई… एकडाव हात लावा! पाय धरतो मी तुमचे… पोरगी मरून राह्यली माही!"

साधनाने थोरल्या जावेच्या ओसरीवर अक्षरशः लोळण घेतली. तिच्यामागे गोधडीवर तिची सोळा वर्षांची लेक चंचल उजवा गुडघा पोटाशी घेऊन तळमळत होती, अंग तापाने फणफणले होते, ओठ सुकले होते. आणि समोर उंबरठ्यात थोरली जाऊ रंभा उभी होती, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून! ज्या हातांनी आजवर शेकडो पोटांच्या वेदना शमवल्या, तेच हात आज घरच्याच लेकराला लावायला ती तयार नव्हती.

"नाई," रंभा म्हणाली. "मी चोळणार नाई साधना. हिले दवाखान्यात न्या."

हे आक्रीत ऐकून अंगणात धान चुरणारी माणसे मळणी टाकून ओसरीपाशी जमली. कारण कुरखेडा तालुक्यातल्या त्या जंगलाकाठच्या जांभुळटोल्यात पोट दुखले की पहिली पायरी दवाखान्याची नव्हती, रंभाच्या ओसरीची होती. बेंबी सरकली म्हणून लोक बैलगाडीतून यायचे, मोटारसायकलवरून यायचे. एकदा तर एक नवरदेव बाशिंगासकट आला होता आणि त्याची बेंबी जागेवर बसवल्याशिवाय वरात हलली नव्हती. रंभा दोरीने बेंबीपासून माप घ्यायची, बेंबीवर पणती पेटवून तिच्यावर तांब्या पालथा घालायची, तांब्याने कातडी गच्च धरली की पोट बोलले असे म्हणायची, आणि मग कोमट तेलाने चोळायची. जगातल्या निम्म्या पोटदुख्या नाहीतरी आपल्या आपणच बऱ्या होतात. त्या सगळ्यांचे श्रेय बिनबोभाट रंभाच्या हाताला मिळत गेले!

ही विद्या तिला सासूने, पार्बताबाईने दिली होती, आणि देताना अट घातली होती. दारात आलेल्या पोटाला नाही म्हणायचे नाही, वैऱ्याचे असले तरी. ज्या दिवशी नाही म्हणशील त्या दिवशी तुझा हातगुण जाईल. तेवीस वर्षांत रंभा कुणालाही नाही म्हणाली नव्हती. जेवणावरून उठली होती, तापात उठली होती, नवऱ्याच्या तेराव्याला आलेल्या पाहुण्याचे पोटसुद्धा तिने डोळे पुसत पुसत चोळून दिले होते. आणि आज ती पहिल्यांदा नाही म्हणाली… तीही कुणाला? चंचलला!

चंचल म्हणजे रंभाच्या रित्या आयुष्याचा सारा उजेड. नवरा गेला त्याच वर्षी ही पोर जन्मली. बाळंतपणातच साधनाला कावीळ झाली, ती वर्षभर अंथरुणाला खिळली, आणि अकरा दिवसांचा तो जीव रंभाच्या पदरात आला. तेव्हाच रंभाला कुरखेड्याच्या आश्रमशाळेत स्वयंपाकिणीची नोकरी लागत होती; स्वतःची खोली, स्वतःचा पगार, कुणाचे काही ऐकून घ्यायचे नाही. तिने नकार कळवला आणि वाटीचमच्याने गाईचे दूध पाजत बसली. साधना बरी झाली, पुढे चंचलच्या पाठीवर दुसरे मूल काही झाले नाही, पण त्या पोरीला दोन चुली मिळाल्या. भाजी मम्मीकडे आवडली नाही तर ती ताट घेऊन अंगण ओलांडायची आणि मोठ्या मायकडे येऊन बसायची. रंभाला ती मोठी माय म्हणायची.

आठ दिवसांपूर्वी मात्र त्या अंगणात ठिणगी पडली होती. चंचलची निवड कबड्डीच्या संघात झाली, गडचिरोलीला राहायला जायचे होते. साधना म्हणाली, तरण्या पोरीला पाठवायचे नाही. रंभा म्हणाली, पाठव. शब्दाने शब्द वाढत गेला आणि साधनाच्या तोंडून ते वाक्य निघून गेले…

"तुमाले लेकरू असतं तं समजलं असतं!"

रंभा उठून आपल्या खोलीत गेली होती. त्यानंतर आठ दिवस तिने अंगण ओलांडले नव्हते. आता गावाला काय वाटणार? जे वाटायचे तेच वाटले.

"बदला घेऊन राह्यल्या!" साधना आक्रोशली. "मी बोललो म्हणून माह्या पोरीवर राग काढता काऊन बाई? मले मारा, मले शिव्या द्या!"

रंभाचे काळीज चिरत गेले. तिने बोटे लावली नव्हती असे थोडेच होते! चंचलला ओसरीवर टेकवले तेव्हाच तिने हलकेच दोन बोटे ठेवून पाहिली होती. साधना सांगत होती ती काल संध्याकाळची बेंबीभोवतीची कळ आज सकाळी खाली उजवीकडे उतरली होती. बोटे दाबताना पोरगी कण्हली, पण उचलताना किंचाळली! पाय सरळ होत नव्हता. हे सारे रंभाने पूर्वी एकदा पाहिले होते.

"आइक साधना," ती म्हणाली, आणि चार वर्षे काळजात दडपून ठेवलेली गोष्ट तिने साऱ्या अंगणादेखत बाहेर काढली. "त्या वर्षी टोल्यावरच्या बुधरीचं पोट दुखलं व्हतं, असंच, उजव्या अंगाले. मी चोळलं. घंटाभर चोळलं. अन् आतमंदी अपेंडिक्स फुटला तिचा. माह्या हातानं फुटला! महिनाभर दवाखान्यात व्हती ते. मी पाह्यले गेलो तं डॉक्टरनं मले बसवून सांगितलं, बाई, असं दुखलं तं बोट लावू नका अन् तोंडात काई घालू नका. बुधरीनं कोनाले सांगितलं नाई, मले वाचवलं तिनं."

अंगणात कुजबुज उठली. रंभाच्या हातून पोट फुटले! तेवीस वर्षांची पुण्याई एका वाक्यात मातीला मिळाली, आणि तिला त्याचे काहीच वाटले नाही. पण साधनाच्या दुःखाला कान कुठले?

"बुधरी तं जिती हाये! काल मोहाच्या झाडाखाली भेटली मले. बहाने नका सांगू!"

"सरक तू," आतून पार्बताबाई आल्या. पंच्याहत्तर वर्षांच्या, कमरेत वाकलेल्या, पण आवाज अजून खणखणीत. हातात तेलाची वाटी होती. "हिचा हात उठत नसन तं मी चोळतो. मीच शिकवलं हिले."

त्या खाली बसल्या, वाटीत बोटे बुडवली… आणि रंभा झेपावली. तिने चंचलला मांडीवर ओढले, आपले दोन्ही तळवे तिच्या पोटावर अलगद, वजन न टाकता छत्रासारखे धरले आणि मान खाली घातली.

"चोळा आत्याबाई. माह्या हातावरून चोळा. माह्या हाताखाली नाई जाऊ देणार मी तुमाले."

म्हाताऱ्या सासूने संतापाने तिच्या मनगटावर चापट्या मारल्या. एक, दोन, तीन. तेल सांडले. रंभा हलली नाही. तेवढ्यात चंचलने कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. "मम्मी… पाणी…" साधना धावत जाऊन पेला घेऊन आली आणि रंभाने, हो, त्याच रंभाने, तो पेला हाताने दूर सारला! पाणी ओसरीभर झाले.

"पाणी बी नको!" ती ओरडली. "थेंब नको!"

हे मात्र कुणालाच सहन झाले नाही. तहानलेल्या लेकराच्या तोंडचे पाणी काढले! बाया तोंडाला पदर लावून हळहळल्या, साधना तर नुसती बघत राहिली, आणि ते बघणे शिव्यांपेक्षा वाईट होते.

"हेमराज!" रंभाने दिराला हाक मारली. कधी नव्हे ते हुकमी आवाजात. "उभा काय राह्यला? सोमाजीची गाडी आण! ब्रह्मपुरीले ने पोरीले!"

हेमराज बायकोकडे, आईकडे, वहिनीकडे आळीपाळीने पाहत खांबाला धरून उभा होता. भला माणूस, ट्रॅक्टरचे इंजिन उघडून पुन्हा बसवील, पण घरातल्या तीन बायका तीन दिशांना बोलू लागल्या की त्याला मार्ग सुचत नसे. तो सुचवला चंचलनेच. डोळे मिटूनच ती पुटपुटली, "पप्पा… मोठी माय म्हणते तं चला ना…"

गाडी आली. चंचलला मागच्या सीटवर निजवले, पार्बताबाईही हट्टाने चढून बसल्या. रंभा गाडीचा दरवाजा धरून आत पाय टाकणार, तोच साधना मध्ये आली. "तुमी नका येऊ," ती हळूच म्हणाली. "तुमची सावली नको माह्या पोरीवर."

गाडी निघून गेली. रंभा अंगणात उभी राहिली. मळणीयंत्र पुन्हा सुरू झाले, लोक आपापल्या कामाला लागले, तिच्याशी कुणी बोलले नाही. आणि आता, सारे संपल्यावर, तिच्या मनात एक भयंकर शंका उभी राहिली. खरेच बेंबी असेल तर? आपली बोटे चुकली असतील तर? चोळले असते तर पोरगी एव्हाना भात खात बसली असती, आणि आपण तिला तहानलेली, कळवळत, दीड तासाच्या रस्त्याला लावून दिले… देवा!

तिने लुगडेसुद्धा बदलले नाही. फाट्यापर्यंत चालत गेली, वडशाची बस धरली, तिथे उतरून ब्रह्मपुरीची धरली. वैनगंगेचा पूल आला तेव्हा शेजारच्या बाईने विचारले, "कोन हाये दवाखान्यात?" रंभाने तोंड उघडले आणि तिला कळेना, काय सांगावे. पुतणी म्हणावे? पोरगी म्हणावे? ज्या घराला आपली सावलीही नको, तिथले कोण लागतो आपण? "हाये एक," ती म्हणाली आणि खिडकीकडे तोंड फिरवले.

दवाखान्यासमोर सोमाजीची गाडी उभी होती. दारातल्या माणसाकडून कळले की जांभुळटोल्याची मुलगी ऑपरेशनला आत नेली आहे. वर जायची तिची हिंमत झाली नाही. दवाखान्याच्या पायऱ्यांवर एका कडेला ती बसली, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. ऑपरेशन म्हणजे काय हे तिने बुधरीच्या पोटावर पाहिले होते. बेंबीपासून खाली वीतभर चिरा, त्यात नळी. तिच्या चंचलच्या कोवळ्या पोटावर तसला चिरा! कबड्डीत ही पोर जमिनीवर झोकून देत असे… ती आता कधी झोकून देईल? रंभाने आयुष्यभर देवाकडे स्वतःसाठी काही मागितले नव्हते, त्यामुळे मागायची सवय नव्हती, तिने नुसतेच पुन्हा पुन्हा म्हटले, "मले वाईट ठरव, पण तिले बरी कर."

वर काय घडले ते तिला पुढे हेमराजने इतक्या वेळा आणि इतके हातवारे करून सांगितले, की जणू दुर्बीण त्यानेच धरली होती. डॉक्टर निशा मडावी, मूळच्या धानोऱ्याकडच्या, बारीक चणीच्या, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "झालं. छान झालं. दुर्बिणीतून काढलाय, पोट कापावं लागलं नाही." मग त्यांनी मोबाइलवर आतले चित्र दाखवले. बोटाएवढे, लालबुंद, फुगून तट्ट झालेले काहीतरी पडद्यावर हलत होते.

"हे बघा, फुटायच्या बेतात होतं. फुटलं असतं तर पू पोटभर पसरला असता. एक विचारू? हिचं पोट कोणी चोळलं नव्हतं का?"

हेमराजने साधनाकडे पाहिले, साधनाने सासूकडे.

"नाही म्हणजे, चांगलंच झालं," डॉक्टर हसल्या. "माझी आजीपण चोळायची, म्हणून विचारते. माझ्याकडे पुष्कळ जण चोळून येतात, मग मला फार निस्तरावं लागतं. हिच्या पोटाला कोणी जोर लावलेला नाही, पोटात पाण्याचा थेंबसुद्धा नाही. भूल द्यायला वाट बघावी लागली नाही. तुमच्या घरात कोणीतरी शहाणं माणूस आहे हं! कोण ते?"

पार्बताबाईंनी आपल्या तेलकट बोटांकडे पाहिले आणि ती हळूच पदरात लपवली. साधना भिंतीला टेकली. तिला ओसरीवर सांडलेले पाणी दिसले. सासूच्या चापट्या खाऊनही न हललेले दोन हात दिसले. "ते… घरी हाये," हेमराज घोगऱ्या आवाजात म्हणाला. आणि खिडकीतून खाली बघतो तो काय! "अवं, घरी कुठी? वयनी तं पायऱ्यावर बसून हाये!"

साधना चप्पल न घालताच जिना उतरली. रंभाने पावले ऐकून मागे पाहिले. साधनाचे रडणे पाहून ती अर्धवट उठली.

"काय झालं? बोल ना… चंचल…"

"बरी हाये! बरी हाये ते!" साधना तिच्यासमोर पायरीवर कोसळली आणि तिचे ते उताणे हात तिने स्वतःच्या कपाळाला लावले. "डॉक्टर म्हणे, चोळलं असतं तं फुटला असता… बाई, मी चोळा म्हणून पाय धरत व्हतो… मीच मारलं असतं माह्या पोरीले!"

"गप. असं बोलाचं नाई."

"बोलू द्या! मी काय म्हटलं व्हतं तुमाले? लेकरू असतं तं समजलं असतं म्हटलं! बाई… मले लेकरू हाये अन् मलेच नाई समजलं! तुमाले समजलं!"

रंभाचे आठ दिवस आवरून धरलेले अश्रू एकदम आले, आणि त्या दोघी जावा दवाखान्याच्या पायऱ्यांवर गळ्यात गळा घालून अशा रडल्या, की आत येणाऱ्या एका पेशंटने घाबरून ऑटो परत फिरवायला सांगितला. हेमराज खाली धावत आला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना समजावत उभा राहिला, "नाई जी, कोनी मेलं नाई! बरं झालं म्हणून रडून राह्यल्या!"

वर चंचलला खोलीत आणले होते. ती गुंगीत होती, पण चेहरा शांत होता. पार्बताबाईंनी कुणाचे लक्ष नाही असे पाहून चादर वर केली, आणि लगेच चादर सोडून डॉक्टरांना गाठले.

"डॉक्टरीणबाई, हे काय? तीन पट्ट्या? एक बेंबीत अन् दोन इकडंतिकडं! कापलं कुठी तुमी?"

"कापलं नाही आजी. तीन बारीक छिद्रं केली. एकातून कॅमेरा घातला, बाकीच्या दोहोंतून अवजारं. पोटात हवा भरली म्हणजे आत नीट दिसतं."

"हवा भरली!" म्हातारीला हे मुळीच पटले नाही. "बुधरीले वीतभर कापलं व्हतं, तं ऑपरेशन झाल्यासारखं दिसे. गावातल्या बाया पाह्यले येतीन, त्याइले काय दाखवू? मच्छर चावल्यासारखं?"

डॉक्टर निशा इतक्या हसल्या की त्यांना भिंत धरावी लागली. परवा घरी न्या, आज-उद्याच चालवा, हवेमुळे खांदा दुखला तर घाबरू नका, असे सांगून त्या वळल्या, तोच साधनाने विचारले, "अन् कबड्डी?"

"महिनाभर नाही. मग मला दाखवून खेळू द्या."

"मंग खेळन," साधना रंभाकडे बघत म्हणाली. "जाईन ते गडचिरोलीले. मोठी माय म्हणते तं जाईन."

पार्बताबाई पलंगाच्या कडेला टेकल्या. मग त्यांनी थोरल्या सुनेचे मनगट ओढून मांडीवर घेतले, सकाळी चापट्या मारल्या होत्या तिथून बोटे फिरवली आणि नेहमीच्याच करड्या आवाजात म्हणाल्या, "आता कोनी पोट धरून आलं तं पयले बोटं तूच लाव. तू हो म्हनशीन तं चोळू, नाई म्हनशीन तं मीच गाडीत बसवून देईन त्याले. अन् हातगुण जाते म्हटलं व्हतं ना मी तुले? ते मीच बनवलं व्हतं, तू आळस करू नये म्हणून."

तेवीस वर्षे! रंभा सासूकडे बघतच राहिली, आणि मग तिला हसू आवरेना.

संध्याकाळी सिस्टर आल्या. खोलीतली गर्दी, डबे, पिशव्या, पायऱ्यांवरचे रडणे चंचलला रंगवून सांगणारा हेमराज, पलंगावर पाय वर घेऊन बसलेली आजी हे सारे पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "चला, सगळे बाहेर! पेशंटजवळ एकच बाई थांबेल. आई कोण आहे हिची?"

क्षणाचाही विलंब न लावता साधनाने रंभाकडे बोट दाखवले. "हे."

आणि रंभाने त्याच क्षणी साधनाकडे. "हे."

"अहो, एकच म्हटलं मी!"

"तेच सांगतो ना मी," साधना म्हणाली. "लहानपणापासून ह्यांनीच पाह्यलं तिले, ह्यांनाच राहू द्या."

"काई आइकू नका सिस्टर," रंभा म्हणाली. "आई हेच हाये, जनलं हिनं."

"मी घरी जातो, धान पडलं हाये तिकडं…"

"धानाले मी जातो, तू राय!"

सिस्टरांनी कपाळाला हात लावला आणि पलंगाकडे वळल्या. "तूच सांग गं बाई. तुझी आई कोणती यातली?"

चंचलने जड पापण्या उघडल्या. एकीकडे पाहिले, दुसरीकडे पाहिले. गुंगी पुरती उतरली नव्हती, पण या दोघींना ती सोळा वर्षे ओळखत होती.

"दोघीले ठेवा सिस्टर," ती म्हणाली. "नाई तं एक इथी रडन, एक पायऱ्यावर रडन, अन् मले हसू आलं तं टाके दुखतीन."

सिस्टरांनी दाराकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले आणि सुस्कारा सोडला. "बरं, थांबा दोघी. पण एक सांगून ठेवते, इथं रडायचं नाही."

"नाई रडत," दोघी एकदमच म्हणाल्या आणि पलंगाच्या दोन बाजूंना बसल्या. साधनाने चंचलचा एक हात धरला, रंभाने दुसरा, आणि सिस्टर दार ओढून घेण्याच्या आतच दोघींनीही डोळ्यांना पदर लावला.